दशरथला अजून वाचता येत नाही

मरोळच्या त्या अनुदानित मराठी शाळेच्या प्राथमिक विभागात गेल्या वर्षी जूनमध्ये एकसष्ट मुलं होती. हेडमास्तर शिवदास तोरसकर रोज सकाळी प्रार्थनेच्या वेळी ती स्वतः मोजत. नियम असा, की साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्टावं मूल असेल तरच तिसरा. त्यामुळे एखादं मूल गैरहजर दिसलं की सर लगेच घरी फोन लावत आणि कुणाचे वडील विरारला खोली बघताहेत असं कळलं की त्यांना दोन दिवस जेवण जात नसे.

तिसऱ्या शिक्षिका म्हणजे नलिनी केळुसकर. घर शाळेपासून सात मिनिटांवर, नोकरी बावीस वर्षांची आणि वर्ग कायम तिसरीचा. इतक्या वर्षांत बाईंनी पाच-सहाशे मुलं वाचती केली होती, आणि तीही एका पत्र्याच्या डब्याच्या जोरावर. डब्यात बिस्किटांचे पुडे, मसाल्याची पाकिटं, साबणाची वेष्टनं असत. मूल घरून आणेल ते पाकीट वाचायचं, एवढीच बाईंची पद्धत. तिला नाव नव्हतं. नाव नसलेली पद्धत ही पद्धत नसते, हे बाईंना फार उशिरा कळलं.

ते कळवणारं परिपत्रक जुलैत आलं. 'वीस वर्षांहून अधिक काळ अध्यापन करणाऱ्या शिक्षकांस अध्यापन येते किंवा कसे, याबाबत अभिलेखात कोणताही पुरावा आढळून येत नाही,' असं त्यात खेदाने नमूद केलं होतं. सबब अशा शिक्षकांनी मार्चअखेर शिक्षणशास्त्राची पदव्युत्तर पदवी घ्यावी, अन्यथा त्यांना अतिरिक्त ठरवून डहाणूपलीकडे जिथे जागा असेल तिथे पाठवण्यात येईल. शाळेतल्या इतर दोघांनी ती पदवी पूर्वीच उरकली होती. बाईंनी घाटकोपरच्या एका अभ्यासकेंद्रात नाव घातलं.

वर्ग रविवारी भरत. पहिल्याच रविवारी 'व्याख्यान पद्धतीचे दुष्परिणाम' या विषयावर सलग तीन तास व्याख्यान झालं. वक्ते पडद्यावरचं वाचून दाखवत होते आणि समोरचे चाळीस शिक्षक ते वहीत उतरवून घेत होते. दुसऱ्या रविवारी 'आनंददायी शिक्षण' होतं. त्यात दोघांना डुलकी लागली म्हणून त्यांची हजेरी कापली.

तिसऱ्या रविवारी प्रबंधाचा विषय निघाला. वर्गातली एक समस्या घ्यायची, तिच्यावर उपाय करायचा, आधी एक चाचणी आणि नंतर एक चाचणी. बाईंच्या मार्गदर्शक डॉ. गंधाली रेगे या बत्तीस वर्षांच्या विदुषी. शिक्षण या विषयावर त्यांचे एकोणीस शोधनिबंध होते. शाळेत त्या स्वतःची दहावी झाल्यापासून गेल्या नव्हत्या.

"काय समस्या घेतलीत, केळुसकर मॅडम?"

"जेनिस परेरा म्हणून एक मुलगी आहे. दोन वर्षं इंग्रजी शाळेत काढून आमच्याकडे तिसरीत आलीये. तिला अजून वाचता येत नाही."

"झकास!" गंधाली मॅडम खुश झाल्या. "अगदी नीट समस्या आहे."

"तीन आठवड्यांत वाचायला लागेल. पोरगी हुशार आहे."

मॅडमच्या हातातला चहाचा कप थांबला. "असं काही करू नका हं! आराखडा मंजूर व्हायचाय, पूर्वचाचणी व्हायचीये. त्याआधी ती वाचायला लागली तर आपण संशोधन कशावर करणार? तोपर्यंत तिला हात लावायचा नाही. नमुना दूषित होतो."

"पण आराखडा मंजूर कधी होणार?"

"समिती बसली की."

"आणि समिती कधी बसते?"

"कोरम झाला की. मागच्या वर्षी जानेवारीत झाला होता."

आराखड्यासोबत, वाचता न येणारा विद्यार्थी शाळेत आहे, असा हेडमास्तरांचा दाखला जोडायचा होता. बाईंनी तो मागताच तोरसकर सरांनी केबिनचं दार लावून घेतलं.

"बाई, फाटकावर काय लिहिलंय?"

फाटकावर 'शंभर टक्के वाचनक्षम शाळा' असा फलक होता. तसा अहवालही वर गेला होता.

"मग माझ्या लेटरहेडवर ही जेनिस कशी बसवू? फलक खोटा, का जेनिस खोटी?"

"सर, मला डहाणूपलीकडे जावं लागेल."

सरांचं मन मऊ होतं. त्यांनी तासभर डोकं खाजवून दाखला लिहिला: 'प्रमाणित करण्यात येते की, या शाळेत वाचता न येणारा एकही विद्यार्थी नाही, तथापि कु. जेनिस परेरा या विद्यार्थिनीस वाचता येत नाही.' खाली गोल शिक्का मारला. केंद्राने तो विनातक्रार दाखल करून घेतला.

मग सुरू झालं थांबणं. ऑगस्ट गेला, गणपती गेले, दिवाळीची सुट्टी संपली. बाकीची मुलं पुडे वाचत होती आणि जेनिस बघत होती. ती हात वर करून विचारायची, "बाई, हे 'म' ना?" आणि बावीस वर्षांत ज्या बाईंनी एकाही मुलाला 'म' नाकारला नव्हता, त्या म्हणायच्या, "नंतर सांगते हं." बाईंना त्या दिवसांत स्वतःची लाज वाटायची. घरी गेल्यावर त्या डहाणूचा नकाशा काढून बसत, आणि लाज जरा मागे सरकायची.

भिंतीवरच्या तक्त्यांपासून नमुना लांब राहावा म्हणून बाईंनी जेनिसला ऑगस्टमध्येच शेवटच्या बाकावर कपाटाशेजारी बसवलं. तिच्या आईलाही बोलावून घेतलं. नॅन्सी परेरा मरोळ गावठाणातली, एका दवाखान्यात केसपेपर लिहायच्या कामावर होती. लहानपणी ती याच शाळेत शिकली होती.

"नॅन्सी, घरी तिला काही शिकवू नकोस. निदान जानेवारीपर्यंत."

"मी कशाला शिकवू, बाई? तुम्ही आहात ना! म्हणून तर इंग्लिश मिडियममधून काढून तुमच्याकडे घातली." ती हसत हसत गेली. बाई त्या दिवशी मधल्या सुट्टीत जेवल्या नाहीत.

कोरम एकदाचा अठरा जानेवारीला झाला. पूर्वचाचणीसाठी गंधाली मॅडम जातीने मरोळला आल्या. दहा शब्दांचा कागद जेनिससमोर ठेवला. जेनिसने दहाही शब्द घडाघडा वाचले आणि खाली बारीक अक्षरांत छापलेलं 'फक्त संशोधनासाठी' हेही वाचून टाकलं.

"वाट लागली," डॉ. गंधाली रेगे म्हणाल्या.

चौकशीअंती निष्पन्न झालं, की ज्या कपाटाशेजारी नमुना ठेवला होता, त्याच कपाटात बाईंचा तो पत्र्याचा डबा होता. पाच महिने जेनिस मागे बसून एकेक पुडा काढून वाचत होती. कपाटाला कुलूप का नव्हतं, असं मॅडमनी विचारलं. लक्षात आलं नाही, असं बाई म्हणाल्या. आजही त्या तेच सांगतात, आणि सांगताना खिडकीबाहेर बघतात.

नवी समस्या घ्यावी तर नवा आराखडा, नवी समिती, नवा कोरम. मार्च तोंडावर आला होता. मॅडमनी जेनिसला जवळ घेतलं आणि मुलांशी बोलायच्या खास आवाजात म्हणाल्या, "बेटा, हाच कागद परत बघ. पण वाचायचं नाही. हं?"

जेनिसने मनापासून प्रयत्न केला. "टीचर, दिसलं की वाचलंच जातं. डोळे मिटू का?"

कागद उलटा धरून पाहिला. तिने उलटा वाचला. शेवटी पूर्वचाचणी सप्टेंबरमध्ये झाली होती असं ठरलं. तेव्हा तिला शून्य मिळाले असते, म्हणून शून्य लिहिले. आजच्या चाचणीला उत्तरचाचणी म्हटलं आणि दहा लिहिले.

"म्हणजे दोन्ही खरंच आहे की," तोरसकर सरांनी बाईंचं समाधान केलं. "फक्त मधलं घडलं नाही."

मधलं म्हणजे 'उपचारात्मक खेळाधिष्ठित वाचनविकास कार्यक्रम', टप्पे चौदा. तो लिहायचा कुणी? पण केंद्राची सोय चांगली होती. तिथे एक जुना प्रबंध पेनड्राइव्हवर मिळायचा. नाव, शाळा, वर्ष बदलायचं आणि छापून बांधून घ्यायचं. बाईंनी तो घाटकोपर स्टेशनसमोरच्या टायपिंगवाल्याकडे दिला, शंभर वह्या तपासायच्या राहिल्या होत्या म्हणून न वाचताच परत आणला, आणि 'मी हा प्रबंध स्वतः लिहिला असून काळजीपूर्वक वाचला आहे' याच्याखाली सही केली. त्याच्याखाली मार्गदर्शकांची सही झाली, मग केंद्रप्रमुखांची.

तोंडी परीक्षेला नमुना सोबत आणावा, अशी सूचना होती. जेनिस चर्चचा फ्रॉक घालून मेट्रोने बाईंबरोबर घाटकोपरला आली. बहिःस्थ परीक्षक प्राध्यापक नंदकुमार हुद्दार यांनी प्रबंध उचलून वजनाचा अंदाज घेतला, कव्हरवरच्या सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि डावीकडचा समास अर्धा सेंटिमीटर कमी आहे, असा गंभीर आक्षेप घेतला. मग चहा आला. मोठी माणसं समोशांकडे वळली तेव्हा जेनिसला काहीच काम नव्हतं. तिने प्रबंध उघडला. आता तिला समोर आलेलं सगळं मोठ्याने वाचायची सवय लागली होती.

"'सदर विद्यार्थिनीस अक्षरओळख नाही. घरातील वातावरण मागासलेले असून आई अशिक्षित आहे.'" ती थांबली. "बाई, माझी मम्मी बारावी आहे."

बाईंनी समोसा बशीत परत ठेवला. ते वाक्य त्यांनी लिहिलं नव्हतं. वाचलंही नव्हतं.

जेनिसने पानं उलटली. "'चौदाव्या टप्प्याअखेर दशरथ आनंदाने वाचू लागला.' बाई, दशरथ कोण?"

गंधाली मॅडम छताकडे बघू लागल्या. हुद्दार सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुस्तक हातात घेऊन ते पान आयुष्यात पहिल्यांदा वाचलं.

"दशरथ?" ते हळूच म्हणाले. "माझ्या प्रबंधातसुद्धा एक दशरथ होता."

अधिक बोलल्यावर उलगडलं, की दशरथ गेली अकरा वर्षं या केंद्राच्या प्रत्येक प्रबंधात पूर्वचाचणीत शून्य आणि उत्तरचाचणीत दहा मिळवत होता. अशिक्षित आई त्याचीच. दुरुस्ती करायची तर आधीचे सगळे प्रबंध वाचावे लागले असते, त्यामुळे तो विचार कुणी बोलून दाखवला नाही. प्राध्यापक हुद्दारांनी 'प्रबंध काळजीपूर्वक वाचला, विशेष योग्यता' असं लिहून सही केली.

"मी पण करू सही?" जेनिसने विचारलं. "मी खरंच वाचलाय."

सगळे प्रेमळपणे हसले. नमुन्यास प्रबंधाची एक प्रत भेट देण्यात आली. जेनिसने ती घरी नेली आणि मम्मीला पहिल्या पानापासून वाचून दाखवली.

एप्रिलच्या शेवटी निकालपत्रकांच्या गठ्ठ्यात बाईंच्या टेबलावर बरेच कागद आले. बाईंनी रीतीप्रमाणे सगळ्यांवर 'वाचले, हरकत नाही' लिहून सह्या केल्या. पदवी हातात आली होती, डहाणू टळलं होतं, मन हलकं होतं.

जूनमध्ये शाळेच्या पहिल्या दिवशी तोरसकर सरांनी मुलं मोजली. पुन्हा मोजली. तिसऱ्यांदा मोजताना ते मधेच जिन्याच्या पायरीवर बसले. साठ. मग त्यांनी फाईल काढून बाईंपुढे ठेवली. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी केलेला अर्ज होता, सुरेख वळणदार अक्षरात. पालकाचं नाव: नॅन्सी परेरा. शाळा सोडण्याचं कारण: 'आई अशिक्षित.' आणि खाली वर्गशिक्षिकेचा शेरा: 'वाचले, हरकत नाही.'

बाईंनी तो अर्ज या वेळी दोनदा वाचला. मग त्या डोळे पुसत म्हणाल्या, "सर, पण माझ्याकडे पदवी आहे आता."

"तेच तर," सर कळवळून म्हणाले. सुधारित परिपत्रक आलं होतं. अधिक अर्हता असलेल्या शिक्षकाचा अन्यत्र अधिक उपयोग असल्याने, आणि नुकतीच घेतलेली अर्हता सर्वांत ताजी असल्याने, प्रथम त्यास अतिरिक्त ठरवावे. "गेल्या जुलैतच तुम्ही दोन्ही परिपत्रकं मिळाल्याची सही केली होतीत, बाई. दुसरं पहिल्याच्या मागच्या बाजूला छापलं होतं."

नलिनी केळुसकर आपला पत्र्याचा डबा घेऊन डहाणूपलीकडे गेल्या. तिथल्या मुलांना वाचता येत नाही, आणि तिथे अजून कुणी आराखडा मागितलेला नाही, त्यामुळे ती तीन आठवड्यांत वाचू लागतील.

आता तुम्ही म्हणाल, काय ही माणसं, न वाचता सह्या करतात! गेल्या महिन्यात तुमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मागच्या सभेचं इतिवृत्त 'वाचून कायम' झालं, तेव्हा तुमचाही हात वर होता. चहा थंड होतोय म्हणून जरा लवकरच वर गेला होता. ते कागद घरी टीव्हीखालच्या खणात असतील. सवड मिळाली की एकदा काढून बघा. चौथ्या पानावर दशरथ भेटेल.