परबांच्या गाडीचं सेटिंग

आमच्या शेजारचे सुरेश परब कुणालाही गाडीतून सोडायला तयार असतात, फक्त स्पीडब्रेकर आला की खाली उतरवतात. माणसं उतरतात, चालत स्पीडब्रेकर ओलांडतात आणि पलीकडे जाऊन उभी राहतात. मग परब रिकामी गाडी तिरकी करतात आणि म्हातारी देवळाची पायरी चढते तसं एकेक चाक जपून वर चढवतात. गाडी पोट न घासता पलीकडे पोचली की आतून दार उघडून म्हणतात, "या, बसा." आता डोंबिवलीत शाळेपुढे, दवाखान्यापुढे स्पीडब्रेकर असतोच, पण नगरसेवकाच्या मेव्हण्याच्या घरापुढेही असतो. त्यामुळे परबांच्या गाडीत बसणारा माणूस अर्धा रस्ता पायीच जातो.

मी आणि माझी बायको मंगल एकदा त्या गाडीतून कल्याणला लग्नाला गेलो होतो. मंगल पैठणी नेसली होती. पैठणीचा घोळ सावरत ती इतक्या वेळा उतरली आणि चढली की शेवटी तिनं आत बसायचंच सोडून दिलं आणि गाडीच्या बाजूनं चालत राहिली. एका रिक्षावाल्यानं थांबून मला विचारलं, "काका, बंद पडली काय? धक्का मारू?"

"बंद नाही रे पडली," मी म्हटलं. "अशीच चालते."

अक्षता पडून पंगत उठल्यावर आम्ही पोचलो. परबांना त्याचं काहीच नव्हतं. ते कार्यालयाच्या पार्किंगमध्ये चार पोरांना जमवून गाडी जमिनीपासून किती कमी उंचीवर आहे ते बोटं लावून दाखवत होते.

ही गाडी कंपनीनं बनवायची बंद केली त्याला जमाना झाला. परबांनी ती सेकंडहँड घेतली तेव्हा ती एक साधी, चौकोनी, सज्जन गाडी होती. मग परबांनी तिच्यात सुधारणा सुरू केल्या. आता तिच्यात मूळचं काय उरलंय ते आरटीओलाही सांगता यायचं नाही, आणि विचारायला जायची परबांची हिंमतही नाही. चाकं इतकी रुंद की ती वळताना बॉडीला घासतात. स्टिअरिंग लहान मुलाच्या ताटलीएवढं. सायलेन्सर असा की सकाळी गाडी सुरू झाली की तळमजल्यावरच्या आजी कूस बदलून म्हणतात, "निघाला वाटतं परब." मागे विमानाला शोभेल असा एक पंख आहे. त्यावर चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा पोह्याचे पापड वाळत घातले होते. त्या पंखाचा तेवढा एकच उपयोग माझ्या पाहण्यात आहे.

आणि स्प्रिंगा. गाडी रुबाबदार दिसावी म्हणून या गृहस्थानं चारी चाकांच्या स्प्रिंगा कटरनं कापून घेतल्या. ज्या वस्तूमुळे माणसाची हाडं शाबूत राहतात तीच वस्तू कापायची, याला मी अक्कल गहाण टाकणं म्हणतो. परब त्याला सेटिंग म्हणतात.

"दामले, गाडी इंजिनावर पळते, पण बसते सेटिंगवर," हे त्यांचं आवडतं वाक्य. गाडी खडखडली की, "सेटिंग बसायचंय अजून." पावसात छप्पर गळलं की, "सेटिंगचा प्रॉब्लेम आहे." एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत शिफ्ट सुपरवायझर म्हणून या माणसानं जन्म काढला. तिथंही एखादी टाकी उतू गेली की हेच म्हणत असणार.

शैलावहिनी, म्हणजे परबांची बायको, होत्या तोवर या प्रकाराला थोडा लगाम होता. त्या गेल्या आणि लगाम सुटला. बायको गेल्यावर काही माणसं काशीला जातात, काही भजनी मंडळात. परबांनी मागचा पंख बसवला.

मुलगी एकच, प्राची. ती ठाण्याला कोपरीत दिली. मागच्या वर्षी तिला दिवस गेले आणि सातव्या महिन्यात तिच्या सासरी डोहाळजेवण झालं. आम्ही दोघंही गेलो होतो, अर्थात रिक्षानं आणि बसनं. उपास आहे म्हणून परब जेवले नाहीत; बाकीच्यांची जेवणं झाल्यावर त्यांनी विहीणबाईंपुढे विषय काढला. पहिलं बाळंतपण माहेरी, तेव्हा आठवा लागला की प्राचीला घेऊन जातो. गावाहून माझी बहीण येणार आहे, ती सगळं करील.

विहीणबाई हसून म्हणाल्या, "आमची ना नाही हो. पण आणणार कशातून? तुमच्या त्या गाडीतून? आठव्या महिन्याची पोर काय प्रत्येक स्पीडब्रेकरला खाली उतरवणार?"

सगळी बैठक हसली. मीही हसलो, जरा मोठ्यानंच. परब हसले नाहीत. विडा हातात तसाच धरून म्हणाले, "नाही उतरवणार."

घरी आल्यावर मी त्यांना सरळ सांगितलं, की एक चांगली टॅक्सी करा आणि पोरीला सुखानं घेऊन या.

"पहिल्या बाळंतपणाला लेक भाड्याच्या गाडीतून आणू?" परब म्हणाले. "मी मेलोय काय?"

दुसऱ्या दिवशी ते शीळफाट्याला सलीमच्या गॅरेजात गेले. आता सरळमार्गी माणसानं काय केलं असतं? कंपनीच्या मूळच्या स्प्रिंगा बसवल्या असत्या आणि विषय मिटवला असता. पण सरळ मार्ग परबांना कधी दिसलेलाच नाही. त्यांनी कुठूनतरी असे शॉकअप मागवले की ज्यांना आटे असतात. आटे फिरवले की गाडी वर, उलटे फिरवले की खाली. शिवाय डोक्यावर एक खुंटी. ती फिरवली की खुट् असा आवाज होतो आणि गाडी थोडी मऊ किंवा कडक होते. परब आठवडाभर ती खुंटी फिरवत बसले होते. गाडीखाली त्यांचे पाय दिसायचे आणि आतून खुट् खुट् ऐकू यायचं.

पण गाडी पुरेशी मऊ झाली हे कळणार कसं? इथं परबांच्या डोक्यातून जे निघालं ते दुसऱ्या कुठल्या डोक्यातून निघणं शक्य नाही. ते रात्री मातीच्या मडक्यात दही लावायचे. सकाळी ते मडकं मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधायचे आणि कोपरीपर्यंत जाऊन परत यायचे. मग पार्किंगमध्ये वैद्यासारखा गंभीर चेहरा करून झाकण काढायचे. दही मोडलेलं असलं, पाणी सुटलेलं असलं, की सेटिंग चुकलं. एक खुट् मऊ, आणि उद्या पुन्हा दही.

शीळ रस्त्याची अवस्था ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको. सुरुवातीला मडक्यात दही जायचं आणि ताक परत यायचं. ते ताक परब आमच्या दारात आणून ठेवायचे. आमच्या घरी रोज कढी. कढी नसेल तेव्हा मठ्ठा. शेवटी मी मंगलला म्हटलं की त्या माणसाला एकतर रस्ता बदलायला सांग नाहीतर ताकाचं दुकान काढायला सांग. मंगल म्हणाली, "करू दे त्यांना. तुमच्या पोटात कशाला दुखतंय?"

पोटावरून आठवलं. एक दिवस परब माझ्याकडे आले आणि म्हणाले, "दामले, उद्या चला. दह्यावरनं सगळं नाही कळत. माणूस पाहिजे."

"मीच का?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुमचं पोट तसं सातव्या महिन्याचं आहेच."

असा अपमान सहन करून मी का गेलो ते मला अजून कळलेलं नाही. मागच्या सीटवर एका बाजूला मडकं, एका बाजूला मी. मडकं हलू नये म्हणून मी ते मांडीवर घ्यायला गेलो तर परब आरशात बघून ओरडले, "मांडीवर नको. मांडी शॉकअपचं काम करते, टेस्ट चुकते." मग दर खड्ड्याला विचारणं सुरू झालं.

"आलं?"

"काय आलं?"

"पोटात हललं काय?"

"हललं," मी म्हणायचो. की हे रस्त्याच्या कडेला गाडी लावणार, बॉनेट उघडणार, खुट्. मागचे ट्रकवाले आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करून जात होते. मुंब्र्याच्या पुढं एका खड्ड्यात मी खोटंच "नाही हललं" म्हणालो, तर परबांनी मडक्याचं झाकण काढून बघितलं आणि माझ्यावरचा विश्वास उडाल्यासारखा चेहरा केला.

पण एक दिवस दही आलं. अख्खं आलं, सुरीनं वडी पाडावी असं. परबांनी मडकं घेऊन बिल्डिंगचे सगळे मजले केले. प्रत्येक दारात झाकण काढून दाखवलं. तळमजल्यावरच्या आजींना वाटलं प्रसाद आहे, त्यांनी हात पुढे केला. गाडी आता चांगली वीतभर उंच झाली होती. जिच्या बुटकेपणासाठी या माणसानं सगळ्यांना पायी चालवलं, ती त्यानं आपल्या हातानं उंच केली होती, आणि पार्किंगमध्ये ती आता खुर्चीवर चढून उभ्या राहिलेल्या पोरासारखी दिसत होती. मी ते बोलूनही दाखवलं. परब म्हणाले, "दिसू दे." त्यांनी मागची शर्यतीची सीट काढून मूळची सोफ्यासारखी सीट माळ्यावरून खाली आणली, तिला नवा अभ्रा शिवून घेतला आणि पाठीला टेकायला कापसाची उशी केली.

आणायचा दिवस ठरला. बरोबर बाईमाणूस हवं म्हणून मंगल निघाली, ओटीचं सामान घेऊन. गावाहून परबांची बहीण आलेली होती, तिनं दारात भाकरतुकडा ओवाळायची तयारी करून ठेवली होती. परबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. गाडी सुरू झाली आणि फोन आला.

प्राचीचं बीपी वाढलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आता प्रवास नाही, ठाणं सोडायचं नाही, बाळंतपण तिथंच.

परबांनी सगळं ऐकून घेतलं. "बरोबर आहे," म्हणाले. "डॉक्टरांचं ऐकायचं." मग त्यांनी गाडी बंद केली, मागच्या सीटवरचा नारळ मंगलच्या हातात दिला आणि गाडीवर कव्हर घातलं. कव्हरच्या नाड्या बांधायला त्यांना फार वेळ लागला. मी गॅलरीतून बघत होतो.

चार दिवसांनी कव्हर निघालं. रोज दुपारी चारच्या सुमारास गाडी बाहेर पडायची आणि दिवेलागणीला परत यायची. मी मंगलला म्हटलं, "बघ. पोरीचं जमलं नाही, तर आता नवे शॉकअप गावाला दाखवत फिरतोय." मंगल नुसती माझ्याकडे बघून आत गेली. तिला बहुधा ठाऊक असावं. बायकांना असतं.

पुढच्या आठवड्यात मी कोपरीला माझ्या मेव्हण्याला बघायला गेलो होतो. परत निघालो तर एका गल्लीत झाडाच्या सावलीला ती गाडी उभी. पंखावरूनच ओळखली. जवळ गेलो. पुढच्या सीटवर परब बसले होते, इंजिन बंद, हात स्टिअरिंगवर. मागच्या सीटवर प्राची पाय लांब करून उशीला टेकलेली. तिच्या हातात डबा होता. कुळथाची पिठी आणि भात.

"काका, तुम्ही?" ती म्हणाली.

"इथं खाली काय करताय?" मी विचारलं. "घर तर वर आहे."

"बाबा वर येत नाहीत. लेकीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही म्हणे. सासूबाईंनी किती वेळा सांगितलं, ऐकत नाहीत."

"आमच्यात असतं तसं," परब समोर बघत म्हणाले.

"लिफ्टनं खाली यायला डॉक्टर हो म्हणालेत. मग मीच येते रोज," प्राची घास घेत म्हणाली. "तासभर माहेरी येऊन जाते."

पिठी कुणी केली ते मी विचारलं नाही. परबांच्या बोटाला भाजल्याचा डाग होता.

"बाबा, तलावापर्यंत एक चक्कर मारूया ना. हळू चालवा. एवढं सगळं केलंत, मी एकदाही बसले नाही चालत्या गाडीत."

"नको."

"इथल्या इथं हो."

"नको म्हटलं ना. उभीच बरी आहे."

थोड्या वेळानं वरून तिच्या सासूबाईंची हाक आली, औषधाची वेळ झाली होती. परब उतरून मागे गेले. प्राची बाहेर पडताना तिच्या डोक्याला लागू नये म्हणून त्यांनी दाराच्या वरच्या कडेला तळहात धरला. ती गेली. लिफ्टचं दार लागेपर्यंत ते तिथंच उभे होते. मग गाडीत येऊन बसले आणि वरच्या एका खिडकीकडे बघत राहिले. मला फार वाईट वाटलं. या माणसाबद्दल मला वाईट वाटेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

"डोंबिवलीलाच ना?" मी म्हटलं. "मीही येतो."

ते हो म्हणाले. मी सवयीनं मागचं दार उघडायला गेलो.

"तिथं नको," परब म्हणाले. "पुढे बसा."

मी आत पाहिलं. नव्या अभ्र्यावर भाताची दोन शितं पडली होती, आणि उशीला प्राचीची पाठ टेकली होती तिथं खळगा पडला होता. परबांनी मागे हात घालून शितं वेचली. उशीला त्यांनी हात लावला नाही.