पोचलो म्हणा

आमचे नामदेव अप्पा लग्नाला हेल्मेट घालून जातात. स्कूटरवर घालतात हे झालंच, पण मांडवात शिरल्यावरही काढत नाहीत. अक्षता टाकताना फक्त काच वर करतात. एकदा पंगतीत वाढप्यानं विचारलं, "अप्पा, जेवताना तरी कावून घातलंय?" अप्पांनी वर बांबूला टांगलेल्या पंख्याकडं बघितलं आणि म्हणाले, "त्यो पंखा काय माजा पाव्हणा हाय? तू भात वाढ."

अप्पा परळीच्या वीज केंद्रात सेफ्टीला होते. ते रिटायर झाले, त्यांची सेफ्टी झाली नाही. माझं परळीत झेरॉक्सचं दुकान. आमची गाठ पडायचं काही कारण नव्हतं. ती पडली कडब्याच्या गंजीत.

त्याचं असं झालं. घाटनांदूरच्या अलीकडं माळावरून उतरणारा सिमेंटचा नवा रस्ता तयार होता, पण खालचा पूल अर्धवट असल्यानं वाहतूक बंद होती. तिथं शबाना दर रविवारी आम्हा चार-पाच जणांना लाँगबोर्ड शिकवायची. लाँगबोर्ड म्हणजे चाकं लावलेली लांब फळी. तिच्यावर आपण उभं राहायचं आणि बाकीचं उतारावर सोपवायचं. शबाना परळीत रक्त तपासते, आणि हा नाद तिला पुण्यात शिकताना लागलेला. माझ्या रक्तातली साखर तिलाच सापडली होती, त्यामुळं "दादा, तुम्ही पण चला" म्हणाल्यावर मला नाही म्हणता आलं नाही.

पहिल्याच रविवारी मी उतार संपला तरी संपलो नाही. थेट कडेच्या कडब्यात घुसलो. तोंडातलं काड काढत बाहेर आलो तर समोर हेल्मेट घातलेला माणूस.

"गंजी माजी हाय," तो म्हणाला. "बैलासाठी रचली. तुमी कावून आलाव?"

"थांबता आलं नाही."

"मग निगालाव कशाला?"

याचं उत्तर मी अजून शोधतोय.

पुढच्या रविवारी अप्पा आपणहून हजर. हातात दोन फडकी, एक लाल, एक हिरवं, आणि चुन्याची पिशवी. उताराच्या पायथ्याशी त्यांनी रस्त्यावर आडवी रेघ मारली आणि नियम सांगितला. वरच्या सपाटीवर अशीच एक रेघ. फळीवरचा गुडघा वाकवून, दुसऱ्या पायाचा तळवा हळूच रस्त्याला घासत, त्या रेघेच्या आत जो थांबेल तोच उतारावर जाईल. "ज्याला थांबता येत न्हाई त्यानं निगू नये." हेल्मेट तर पाहिजेच, मला त्यांनी त्यांचं जुनं पिवळं दिलं. ते घालून मी रस्त्याचा कंत्राटदार दिसायचो.

दुसरा नियम, खाली पोचलं की मोठ्यानं "पोचलो" म्हणायचं. ते ऐकल्याशिवाय लाल फडकं खाली येत नसे. घरी गेल्यावरही फोन करून "पोचलो" सांगायचं. नाही सांगितलं तर अप्पांचाच फोन. एकदा तो आमच्या हिनं उचलला. म्हणाली, "पोचलेत हो, जेवायला बसलेत. मला कधी सांगत नाहीत, तुम्हाला बरं सांगतात."

आम्ही आपसात "बोर्डावर जायचंय" म्हणायचो. गावात बोर्ड म्हणजे विजेचा. त्यात अप्पा वीज केंद्रातले. एका रविवारी दोघं जण आले आणि मला म्हणाले, "सायेब, आमची डीपी जळून आठवडा झाला, कवा बसवताव?" पिवळ्या हेल्मेटमुळं मलाच साहेब समजले. मी "बघतो" म्हणालो. अप्पांनी मला फळीवरून उतरवलं, माझं पिवळं हेल्मेट दोघांतल्या एकाला घातलं आणि त्याला स्कूटरवर बसवून रविवारीही उघड्या असणाऱ्या तक्रार केंद्रात अर्ज लिहून द्यायला घेऊन गेले.

अप्पांची स्वतःची एकच इच्छा होती. तो उतार एकदा उभ्यानं उतरायचा. पण कधी काळी शिडीवरून पडून त्यांचा डावा गुडघा आखडलेला, वाकतच नसे. आमचं झालं की ते वरच्या सपाटीवर स्वतःची परीक्षा घेत. फळी दर वेळी रेघ ओलांडून जाई. ते मागं वळून रेघ बघत आणि स्वतःच निकाल सांगत, "नापास." मग फळी पुसून शबानाला परत देत.

पूल झाला. सोमवारपासून रस्ता सुरू होणार असं कळलं. म्हणजे अप्पांना शेवटचा रविवार. अप्पा यायच्या आत मी त्यांची वरच्या सपाटीवरची रेघ बुटानं पुसली आणि चांगली हातभर पुढं नवी मारली. शबाना म्हणाली, "दादा, त्यांना कळंल." मी म्हटलं, "हेल्मेटातून काय दिसतंय."

अप्पा आले, फळीवर चढले, आखडलेल्या पायावर तोल धरून, दुसरा घासत घासत रेघेच्या आत थांबले. आम्ही टाळ्या वाजवल्या. अप्पांचा चेहरा पोरासारखा उजळला. मग त्यांनी रेघेकडं पाहिलं. मग माझ्या काळ्या पँटीकडं. गुडघ्यापर्यंत पांढरी.

"विलासराव," ते सावकाश म्हणाले, "चुना कुनाला लावताव?"

मी पँट झटकली.

"अप्पा, उद्या रस्ता जातोय. मी हात धरून नेतो."

"तुमी मला कडब्यात न्याल." त्यांनी काच खाली केली. "नापास." आणि लंगडत खाली गेले, हिरवं फडकं वर केलं. आम्ही एकेक उतरलो, एकेकानं "पोचलो" म्हटलं. माझा आवाज नीट निघाला नाही, तर त्यांनी परत म्हणायला लावलं.

मी रेघ हलवली नसती तरी ते नापासच झाले असते. पण त्या दिवशी ते मिनिटभर पास झाले होते, आणि ते मिनिट मी खोटं करून ठेवलं.

पुढं त्या उतारावर उसाचे ट्रॅक्टर चालू झाले. शबाना पुण्याला नोकरीला गेली. मी रविवारी झोपू लागलो. आता कुणी कुठं जात नव्हतं, त्यामुळं पोचल्याचे फोनही थांबले.

असाच एका रविवारी दुपारी मोबाइलवर मेसेज आला. अप्पांचा. एकच शब्द, "पोचलो."

चुकून आला असेल म्हणून फोन केला. "अप्पा, कुठं गेलतात?"

"कुठं न्हाई. गंजीपतूर गेलतो. घरी आलो."

"मग मला कशाला कळवलं?"

"पोरगं तिकडं नाशकाला. घरात दुसरं कोन न्हाई. आलो तर कुनाला तरी म्हनावं लागतंय."

इतके रविवार आम्ही सगळे अप्पांना कळवत होतो. आम्हाला पोचवून ते लंगड्या पायानं स्कूटर काढायचे, तेव्हा ते पोचले का, हे आमच्यातल्या एकानंही विचारलं नव्हतं.

आता रविवारी मीच फोन लावतो. "अप्पा, पोचलात का?" पलीकडून आधी हेल्मेटची काच वर गेल्याचा खट्ट आवाज येतो.