तिसऱ्या मजल्यावरील शीतजल यंत्राविषयी खुलासा

घटना घडून गेल्यावर तिची बातमी देणे हे वर्तमानपत्रांचे काम आहे. शासनाला तेवढी उसंत नसते. म्हणून आमच्या प्रशासकीय सेवा विभागात आधी बातमी आणि मग घटना, असा क्रम पूर्वीपासून चालत आला आहे. यामुळे बातम्या ताज्या राहतात (घटनांविषयी तशी हमी देता येत नाही), आणि कार्यक्रमात आपण काय बोललो हे साहेबांना आदल्या दिवशीच वाचायला मिळते.

मी या विभागाच्या ‘ताज्या घडामोडी’ कक्षाचा प्रमुख आहे. एक टेबल, एक संगणक आणि मी, एवढा कक्षाचा पसारा. विभागाच्या संकेतस्थळावर दर सोमवारी निदान एक आनंदाची बातमी झळकलीच पाहिजे, असा दंडक आहे. दर सोमवारी आनंद आणायचा कुठून, असे कोणीही विचारील. पण सरकारी आनंद चार प्रकारचा असतो : काम होणार असल्याचा, होत असल्याचा, झाल्याचा, आणि होऊन वर्ष लोटल्याचा. जिन्याच्या कठड्याला रंग दिला तरी माझे वर्ष निभावते.

आमचे कार्यालय तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथे नळ नाही. इमारत बांधताना इतक्या उंचीवर कोणाला तहान लागेल, असे गृहीत धरलेले दिसत नाही. पिण्याचे पाणी तळमजल्यावरून मावशी आणायच्या. मावशी म्हणजे आमच्या शिपाई. सगळा विभाग त्यांना मावशीच म्हणतो. त्यांच्यापेक्षा वयाने मोठे असलेले साहेबसुद्धा. दोन हातांत पाण्याचे दोन कॅन घेऊन मावशी दिवसभर जिना चढायच्या. त्यांचे गुडघे पार गेले होते. डॉक्टरांनी जिना बंद करायला सांगितला, तो निरोप मावशींनी साहेबांना दिला, आणि साहेबांनी डॉक्टरांचे म्हणणे तत्त्वतः मान्य केले. मावशी कॅन घेऊन पुन्हा खाली गेल्या.

अखेर एका उन्हाळ्यात वॉटर कूलर मंजूर झाला. (कागदावर त्याला ‘शीतजल यंत्र’ म्हणतात. कूलर म्हटले की चैन वाटते, यंत्र म्हटले की प्रगती वाटते.) लोकार्पण सोमवारी ठरले, म्हणून मी शुक्रवारीच बातमी सजवली : ‘तिसऱ्या मजल्यावर शीतजल यंत्र कार्यान्वित. कर्मचाऱ्यांत आनंदाचे वातावरण. पाण्याचा पहिला घोट घेताना ज्येष्ठ महिला कर्मचाऱ्याचे डोळे पाणावले.’ फोटोही शुक्रवारीच काढला. फीत दोन खुर्च्यांना बांधली, साहेबांनी ती कापली, आणि मागचा कोपरा यंत्रासाठी मोकळा सोडला.

सोमवारी बातमी आली. यंत्र आले नाही.

मी खरेदी शाखेला फोन लावला. तिथल्या अधिकाऱ्यांनी आधी माझे अभिनंदन केले. “बातमी वाचली बरं का! फोटो झकास आलाय. आमची ऑर्डर रद्द केली लगेच.”

“अहो, रद्द काय केली? यंत्र बसलेलं नाही अजून!”

“म्हणजे बातमी खोटी आहे म्हणता?”

मी फोन ठेवला. आमच्या विभागाची बातमी खोटी नसते. फार तर वस्तुस्थितीला उशीर होतो.

दुपारी साहेबांनी घंटी वाजवली. “मावशी, पाणी द्या जरा.”

“त्या यंत्राचं घ्या ना साहेब.”

“कुठलं यंत्र?”

मावशींनी पदराला हात पुसून मोबाइल पुढे धरला. “हे काय, तुम्हीच फीत कापताय की! आणि इथं बघा, माझे डोळे पाणावलेत म्हणे. ते मात्र अगदी खरं आहे हो, पण ते गुडघ्यांमुळं.”

साहेबांनी फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला. यंत्र नाही म्हणावे, तर स्वतःच्या हातातल्या कात्रीचे काय करायचे? “हो की, विसरलोच मी,” असे म्हणून ते रिकामा पेला घेऊन त्या कोपऱ्यात गेले, थोडे थांबले, आणि ओठ पुसत परत आले. मावशी त्या दिवसापासून स्टुलावर पाय लांब करून बसू लागल्या. मला मनापासून बरे वाटले, हे इथे नमूद करतो. माझ्या बातमीने कोणाचे भले झाल्याची ती पहिलीच वेळ होती.

पुढे शिस्त आपोआप लागली. ज्याला तहान लागेल तो आधी कोपऱ्यात जाऊन उभा राही, “आज छान गार आहे” असे शेजारच्याला म्हणे, आणि मग ‘फोन करून येतो’ सांगून तळमजल्यावर जाऊन नळाला तोंड लावी. विभागाच्या पाहणीनुसार या काळात कर्मचाऱ्यांच्या वजनात लक्षणीय घट झाली, आणि मावशींच्या तक्रारींत शंभर टक्के.

बातमीखाली ‘ही सुविधा आपणांस कशी वाटली?’ असा प्रश्न आणि पाच तारे असतात. नागरिकांची त्यावर अक्षरशः झुंबड उडाली. ‘पाणी अमृतासारखे’, ‘खासगी कंपन्यांनी शिकावे’, ‘सरकार बदलते आहे’ असे अभिप्राय आले. एका गृहस्थांनी मात्र तीनच तारे दिले. त्यांच्या मते पेल्याची साखळी आखूड होती. त्या तक्रारीची तत्काळ दखल घेऊन विभागाने दुप्पट लांबीची साखळी खरेदी केली आणि कोपऱ्यातल्या खिळ्याला अडकवली.

हे असेच सुखाने चालले असते. पण एके दिवशी तळमजल्यावरून ‘फोन करून’ येताना साहेबांचा स्वतःचा गुडघा कटकन वाजला, आणि विषयाला विलक्षण गती आली. नवे यंत्र घ्यायचे तर नियमाप्रमाणे जुने बाद ठरवावे लागते. तीन सदस्यांच्या समितीने रिकाम्या कोपऱ्याची पाहणी करून अहवाल दिला : ‘यंत्र जागेवर आढळले नाही. यावरून ते वापराने संपूर्णपणे झिजले असावे.’ आठवड्याभरात तळमजल्यावरून पाण्याची नळी आली आणि कूलर आला. खराखुरा. तोटी दाबली की पाणी येई.

आणि घात झाला. नव्या यंत्रावर धडाधड अभिप्राय पडू लागले : ‘आवाज फार करते’, ‘दात ठणकतात’, ‘रांग असते’, ‘आधीचे चांगले होते’. ताऱ्यांची संख्या पाचावरून दोनावर घसरली. वरून आदेश निघाला की, लोकभावना लक्षात घेऊन सध्याचे यंत्र हटवावे आणि पूर्वीची व्यवस्था पुनःस्थापित करावी.

साहेब आदेश घेऊन कोपऱ्यात आले, तेव्हा मावशी कूलरला टेकून उभ्या होत्या. त्या हलल्या नाहीत.

“न्या की खुशाल. पण उद्यापासून कॅन कोण चढवणार, ते बातमीत नावासकट छापा. फोटोपण टाका.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले. मग साहेबांचा हात हळूच स्वतःच्या गुडघ्याकडे गेला, आणि त्यांनी आदेशावर शेरा मारला : ‘प्रायोगिक तत्त्वावर जागेवरच ठेवावे.’ मावशींनी पहिला पेला भरून साहेबांना दिला, दुसरा स्वतः प्यायल्या. त्यांचे डोळे पाणावले. याची बातमी करता आली नाही, कारण ती आधीच देऊन झाली होती.

तथापि जनमताचा अनादर करून चालत नाही. सर्वाधिक तारे मिळवणारे पहिले यंत्र आता राज्यातील सर्व कार्यालयांत बसवण्यात आले आहे. तुमच्या जवळच्या कार्यालयातही ते बसले. मागे तुम्ही तिथे रांगेत कोरड्या घशाने उभे होतात, तेव्हा तुमच्या मोबाइलवर ‘सुविधा कशी वाटली?’ असा प्रश्न आला होता, आणि तुम्ही न वाचताच पाच तारे दाबून मोकळे झालात. विभाग आपला अत्यंत आभारी आहे. साखळी आखूड वाटल्यास कळवावे.