भर बाजारात शाहीनबाई

लोणारच्या शाहीनबाई मनाचे आजार पाहतात, आणि पेशंट जायला उठला की उलट त्यालाच विचारतात, "आज माहा काही उपयोग झाला का? तोंडदेखलं सांगू नका." 'नाही' म्हटलं की खुलतात. "मंग दुसरं करू. ज्याचा गुण येते हे तपासून पाह्यलं, तेच मी करते." सुई नाही, सलाईन नाही. लोक म्हणत, ही कसली डॉक्टरीण, नुसती बोलते.

मीही म्हणत होते. पण सुलतानपूरला थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली, आणि मला एस्टीत बसवत नव्हतं. तरुणपणी एकदा गाडीत छाती धडधडली. सासूला उलट उत्तरं देणारी ही वाघीण 'मेले, मेले' करत कंडक्टरला ढकलून खाली उतरली, आणि घरी सांगितलं काय, तर गाडी बिघडली. तेव्हापासून माझ्या सगळ्याच गाड्या बिघडलेल्या.

बाईंनी मला एस्टीतच नेऊन बसवलं. मी पदराखाली फोडलेला कांदा धरलेला, घेरी आली तर हुंगायला.

"आजी, कांदा द्या इकडं."

"काऊन? जीव गेला म्हंजे?"

"कांद्यानंच वाचली, असं वाटत राहीन तुम्हाले. धडधड होऊ द्या. वाढते अन् आपोआप उतरते."

"अन् नाही उतरली?"

"मले शिव्या द्या."

दोन मी आगाऊच दिल्या. घाम फुटला, धडधड वाढली, मग उतरली. मी काही मेले नाही. अशा बऱ्याच फेऱ्या झाल्यावर एकटीच गेले. बहीण पडल्यापडल्या म्हणाली, "दुरुस्त झाली का वं तुही गाडी?"

हे सांगायला गेले, तर बाई म्हणाल्या, "झालं. आता येऊ नका. बऱ्या माणसाले बोलावत राह्यली, तर त्याले वाटन, हिच्याशिवाय जमतच नाही."

"मंग भेट कुठं?"

"बरे झालेले भेटत नाहीत, आजी. माह्याशी बोलताना दिसले, तर लोक त्यायले येडं म्हणतीन."

पुढच्या बाजारी त्या दिसल्या. मला पाहताच त्यांनीच तोंड फिरवलं आणि वांगी निवडू लागल्या. माझी पंचाईत नको म्हणून.

मी तिथूनच हाक मारली, "ओ शाहीनबाई, मी तुमची पेशंट. ओळख देत नाही का?"

माणसं वळून पाहू लागली. पाहू देत. मी जाऊन बाईंचा हात धरला. त्यांनी तो बराच वेळ सोडवून घेतला नाही.