सोलरच्या काचेचा काटा

तारकर्लीच्या त्या वाडीत विजेची तार पोचली नव्हती, पण सत्यवतीच्या अंगणात सूर्य कामाला लागला होता. सरकारने नमुन्यादाखल मोजक्या घरांना सोलरच्या काचा दिल्या होत्या. काचेने ऊन प्यायचं, बॅटरी भरायची, अंधार पडला की ट्यूब पेटायची. बॅटरीच्या पेटीवर काचेतून किती वीज येते ते दाखवणारा एक काटा होता. ज्या घरचा काटा झोपेल, तिथली काच उचलून दुसऱ्याला देणार, असं साहेब बजावून गेले होते.

"नेतत कशी? आमचो काटो सगळ्यांत उंच," सत्यवती विहिरीवर सांगत सुटली.

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तिच्या नवऱ्याला, काशिनाथांना, कंदिलाच्या उजेडात काही दिसत नसे. ट्यूब आल्यापासून दोघं जेवणानंतर पत्ते खेळत. म्हातारा लबाडी करी, ती शिव्या घाली, आणि दोघांनाही झोप छान लागे. आता ही काच गेली तर?

शेजारची विमला आली, "काय गो चकचकता!" म्हणाली नि गेली. झालं. सत्यवतीने काजळाचं बोट उचललं आणि बाळाच्या गालाला लावावी तशी काचेला तीट लावली.

दुसऱ्या दिवशी काटा घसरला.

"बघितलात? दिष्ट लागली. त्या विमलेचे डोळे नव्हेत, गळ आसत." तिने रुपयाएवढी तीट लावली. काटा आणखी खाली. मग भाकरीएवढी. काजळ संपलं तेव्हा तव्याची काजळी खोबरेलात कालवली. ट्यूब काजव्यावर आली. काशिनाथ पत्ता नाकाला टेकवून विचारू लागले, "ह्यो राजा काय गुलाम?"

आणि एका सकाळी साहेब आले.

"अहो, काचेला हे काय फासलंय? आत ऊन जाणार कुठून? कोणाचा उद्योग हा?"

सत्यवतीने काजळीचे हात पदराआड घेतले.

"ती तीट मियां लायलंय," पडवीतल्या खाटेवरून काशिनाथ म्हणाले. "काच नेव नकात, साहेब."

"आजोबा, तुम्हाला तर धड दिसत नाही."

"म्हणानच तर इतकी मोठी लागली."

साहेबांनी सत्यवतीकडे पाहिलं, मान वळवून हसू आवरलं आणि स्वतःच फडकं मागितलं. काच पुसली तसा काटा उठून बसला. काच राहिली.

दिवेलागणीला ट्यूब लख्ख पेटली. काशिनाथ समोर बघतच राहिले.

"काय झाला?"

"नाकार काजळी आसा तुझ्या."

"मगे सकाळीच सांगूक काय झाला होता?"

"तेवा लांबसून दिसली खंय? आता उजेडात बसलंस, म्हणान दिसली."

साहेब जाईपर्यंत मान वळवून कशाला हसत होते, ते सत्यवतीला आत्ता कळलं.