चार बोटांची वाढ

"उंची मोजायची रंगीत पट्टी जमिनीला टेकव, माणूस ताठ उभा कर, उंची ज्या रंगाला लागेल तेवढ्या गोळ्या दे आणि डोळ्यांदेखत गिळायला लाव. आणि आकडा चुकला तर?" मोठ्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं.

"स्वतः त्या दारात जाऊन सुधारीन," असं नर्सबाई बोलून गेल्या होत्या. बोलायला काय लागतं!

डोळ्यांत खुपऱ्या झाल्या होत्या चार-पाच मुलांना, पण गोळ्या अख्ख्या गल्लीला. कारण ते जंतू एका टॉवेलावरून घरभर फिरतात. वर तीन महिन्यांनी मुलांच्या पापण्यांच्या आतून बोळा फिरवून, अंग रोगाशी कसं झुंजतंय तेही बघायचं होतं. सगळं नर्सबाईंच्या वहीतल्या आकड्यांवरून.

दुपारपर्यंत बासष्ट घरं झाली. नर्सबाईंच्या पायांचे तुकडे पडले होते; पण गल्ली खूश होती. "शाळेत अशाच पट्टीनं मोजला तेव्हा पिवळ्यात होता, आज हिरव्यात!" शिंपीणबाई मुलाला मिरवत होत्या. "आजच विजारीची दुमड सोडते." दमलेल्या माणसाला कुणी हसून दार उघडलं, की तो फार खोलात जात नाही.

शेवटचं घर स्वतःचं. सासूबाई पट्टीला पाठ लावून उभ्या राहिल्या. "काय गं, पंचाहत्तरीत मी चार बोटं वाढले?"

नर्सबाईंनी पट्टी उजेडात धरली. खालचं टोक ताजं कापलेलं.

"अहो!" त्यांनी नवऱ्याला पट्टी दाखवली.

"ती होय? आईची खाट डुगडुगत होती, पायाखाली तुकडा घातला. तूच म्हणालीस, काहीतरी करा. खालचा भाग कोराच तर होता."

"कोरा कसला! शून्य तिथूनच सुरू होतं! सहा महिन्यांत एक काम केलंत, ते हे!"

नर्सबाईंनी फोन लावून सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कुणाला एखादी गोळी जास्त गेली असेल. पोट ढवळेल, एवढंच बहुधा. पण आजच प्रत्येकाची चौकशी कर, त्रास असेल त्याला माझ्याकडे पाठव. आणि आकडे परत घे."

"उद्या जा," नवरा म्हणाला. "कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना."

खाटेवर टेकलेल्या सासूबाई उठल्या. "काढ तो तुकडा. मी बसते भिंतीला टेकून. तेवढीच माझी वाढ होती, गेली."

नर्सबाईंनी तुकडा चिकटपट्टीनं जागेवर बसवला, वही काखेत मारली. समोरच्या पायरीवर शिंपीणबाई विजार उसवत बसल्या होत्या. नर्सबाईंनी एक मोठा श्वास घेतला आणि दुखरे पाय ओढत त्या आधी त्याच दाराकडे निघाल्या.