तीन अक्षरांची सवलत

रनाळ्यात गोपालभाऊ पाटलांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, पण गाव त्यांना ओळखतं ते नियोजनासाठी. गल्लीतलं लग्न असो की शेततळ्याचा अर्ज, गोपालभाऊ वहीत रकाने आखल्याशिवाय हलत नाहीत. म्हणून लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा गोव्याची विमानाची तिकिटं त्यांनी स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या अंगठ्याने, पुण्यात शिकणाऱ्या पोरीलाही न विचारता काढली. नंदुरबारहून सुरत रेल्वेने, सुरतहून गोवा विमानाने.

"चुकायला जागाच ठेवली नाही मी," युरियाचं पोतं न्यायला आलेल्या माणसालाही ते सांगायचे. तो बिचारा मान हलवायचा आणि पोतं उचलायचा.

घरात तर दिवाळीच होती. दामिनीवहिनींनी नंदुरबारहून काळा चष्मा आणला आणि दोन दिवस तो घालूनच भाकरी थापल्या. कडा करपल्या, पण कोणी बोललं नाही. संध्याकाळी त्या अंगणात खुर्ची टाकून बसायच्या, ओढणी पोटाशी बांधून. शेजारणीने विचारलं तर म्हणायच्या, "पट्टा बांधानी सवय करी ऱ्हायनी." झोपताना गोपालभाऊंना प्रश्न असायचे. ढगातून जाताना काच ओली होते का? खिडकीशी मी बसू ना? वरून रनाळं दिसेल का?

"दिसेल," गोपालभाऊ म्हणायचे. विमान कुठून कुठे जातं हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती.

जायला सहा दिवस असताना ते तिकिटांची रंगीत प्रत काढायला नंदुरबारात श्रेणिकच्या झेरॉक्सच्या दुकानात गेले. श्रेणिक गल्लोगल्लीच्या लोकांना तिकिटं काढून देणारा पोक्त माणूस. त्याने कागद हातात घेतला आणि सहज विचारलं, "आधारवर असंच नाव आहे ना, भाऊ? एक अक्षर वेगळं असलं तरी दारावर अडवतात."

"माझं आहे."

"आणि वहिनींचं?"

गोपालभाऊंनी फोन लावला. "दामिनी, तुझ्या आधारवर काय नाव आहे?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग आवाज आला, "तापीबाई."

"कोण तापीबाई?"

"मी. मन्हं माहेरनं नाव तेच शे. तुमले माहीत नही का?"

माहीत होतं, पण पंचवीस वर्षांपूर्वीचं. मुलगी सारंगखेड्याची, तापीकाठची, म्हणून बापाने हौसेने तापी नाव ठेवलेलं. गोपालभाऊंना ते ऐकलं की पूर आल्यासारखं वाटायचं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने त्यांनी झोकात लिहिलं, दामिनी. तेव्हापासून रनाळ्यात सगळे दामिनीच म्हणत. पण आधार कार्ड काढलं होतं सारंगखेड्याच्या कॅम्पात, शाळेच्या दाखल्यावरून, वडील आजारी होते म्हणून त्या माहेरी राहिल्या होत्या तेव्हा. बचत गट, बँक, दवाखाना, सगळीकडे लागणारं ते कार्ड त्याच सांभाळायच्या. गोपालभाऊंनी आयुष्यात कधी ते उलगडून पाहिलं नव्हतं.

श्रेणिकने विमान कंपनीला फोन लावून दिला. हीना नावाची मुलगी बोलत होती, आवाज साखरेत घोळलेला. तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळणार नव्हते. नाव बदलता येणार नव्हतं. मात्र स्पेलिंग चुकलं असेल तर तीन अक्षरांपर्यंत दुरुस्ती फुकट होती.

"तीन?" गोपालभाऊंनी खिशातून पेन काढलं. "थांबा, ताई."

श्रेणिकच्या पावतीवर त्यांनी एकाखाली एक दोन नावं इंग्रजीत लिहिली. डी, ए, एम, आय, एन, आय. खाली टी, ए, पी, आय, बी, ए, आय. डीचा टी केला, एक. एमचा पी, दोन. एनचा बी, तीन. आणि शेवटी एक ए उरला. त्याला बसायला जागाच नव्हती.

"चार होतात, ताई. एक सोडून द्या ना."

"सॉरी सर, सिस्टम नहीं लेगा."

"एक अक्षर हो. ए. सगळ्यात साधं अक्षर."

"सॉरी सर."

गोपालभाऊंनी हार मानली नाही. त्या रात्री त्यांनी पेटीतून लग्नपत्रिका शोधली, चि. सौ. कां. तापी असं छापलेली, आणि तिचा फोटो कंपनीला पाठवला. सकाळी उत्तर आलं. कंपनीने लग्नाच्या हार्दिक शुभेच्छा दिल्या होत्या आणि पुन्हा तीन अक्षरांचा नियम लिहिला होता.

चौथ्या दिवशी त्यांनी वही मिटली. दामिनीवहिनी बॅग भरत होत्या. त्यांनी नवी चप्पल वर्तमानपत्रात गुंडाळली, मग काहीतरी ओळखून तशीच हातात धरून उभ्या राहिल्या.

"नही जमत का?"

"एका अक्षरासाठी अडलं."

"मंग तुमी जाई या. तिकीट वाया कशाले?" त्यांनी चप्पल बॅगेपासून बाजूला ठेवली. "माले फोटो दखाडजात."

गोपालभाऊंना इतकं ओशाळल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. पंचवीस वर्षं सगळ्या गावाचे कागद तपासले आणि घरातला एक कागद राहून गेला. "तुझं नाव मीच बदललं होतं," ते म्हणाले. "तुला विचारलंही नव्हतं."

"नही इचारं," दामिनीवहिनी शांतपणे म्हणाल्या. "माले तापीच आवडे."

गोपालभाऊंनी मिटलेली वही बाजूला सारली. मग म्हणाले, "दाखव तरी ते कार्ड."

त्या अडखळल्या. "राहू द्या. लोक हसतात." पण मग आत गेल्या आणि बचत गटाच्या पासबुकातून कार्ड घेऊन आल्या. वर मराठीत ठसठशीत तापीबाई पाटील होतं. खाली इंग्रजीत कॅम्पातल्या ऑपरेटरचं बोट घसरलं होतं. बाईमधला ए पळून गेला होता. तापीबी पाटील.

"बँकेतला शिपाई माले तापीबी म्हणीसन हाक मारस," वहिनी म्हणाल्या. "म्हणून कोणाले दखाडत नही."

गोपालभाऊ कार्डाकडे पाहत राहिले. मग बोटांवर मोजलं. डीचा टी, एमचा पी, एनचा बी. पुन्हा मोजलं. आडनावाला धक्काच नव्हता, माहेरही पाटलांचंच. ते उठले आणि चप्पल न घालताच अंगणात गेले, तिथे रेंज चांगली येते.

"ताई, ए नको आम्हाला," ते फोनवर म्हणाले. "ए तुमच्याकडेच ठेवा."

दहा मिनिटांत नवीन तिकीट मोबाइलवर आलं. दामिनीवहिनींनी चप्पल बॅगेत टाकली, वरून काळा चष्मा चढवला आणि पुढचे दोन दिवस गोपालभाऊंनी घरात येता-जाता एकच तालीम चालवली.

"नाव काय?"

"तापीबी पाटील."

"नवऱ्याचं नाव?"

"तुमी."

सुरतच्या विमानतळावर दारातल्या जवानाने तिकीट पाहिलं, कार्ड पाहिलं, वहिनींकडे पाहिलं आणि आत सोडलं. बॅग वहिनींच्या नावाने चढवली. तपासणी झाली. काचेपलीकडे विमान उभं होतं, आणि वहिनींनी त्याचे चौदा फोटो काढले. दोघं गेटजवळच्या खुर्च्यांवर बसली. गोपालभाऊंनी पहिल्यांदा पाय लांब केले.

तेवढ्यात गणवेशातली एक मुलगी हातात कागद घेऊन रांगांमधून हाका मारत आली. "तापीबी पाटील? बैग चेक के लिए. पैसेंजर तापीबी पाटील?"

कोणी उठलं नाही. ती दुसऱ्या टोकाला गेली, परत आली. "तापीबी पाटील?"

"कोण बाई असेल बिचारी," दामिनीवहिनी म्हणाल्या. "कवयपासून बलाई ऱ्हायनात तिले. नवरा नही का तिन्हा संगे?"

"असला तरी काय उपयोग," गोपालभाऊ म्हणाले. "बायकोचं नाव पुकारतात, ते ऐकू येत नाही का त्या माणसाला?"

त्यांच्या शर्टाच्या खिशातून दोन बोर्डिंग पास डोकावत होते. ती मुलगी त्यांच्यासमोर थांबली होती आणि मान वाकडी करून वरच्या पासवरचं नाव वाचत होती.